लेकीच्या अठराव्या वर्षासाठी घड्याळ

प्रश्न : नमस्कार काका. यावल तालुक्यात आमची केळी आहे. मुलगी यंदा चार वर्षांची झाली. ती अठराची होईल त्या दिवशी तिच्या हातात एक चांगलं घड्याळ बांधायचं, असं मी आणि बायकोनं ठरवलंय. यंदा केळीला बरा भाव मिळाला, म्हणून पंधरा-वीस हजार बाजूला काढून ठेवलेत. पण घरात एकमत नाही. मोठे भाऊ म्हणतात, तेवढ्याचं जळगावहून सोनं आण. मोबाइलच्या जमान्यात घड्याळ घालतंय कोण? बायको म्हणते, नाजूक, सोनेरी लेडीज घड्याळ घ्या. मला यातलं काही कळत नाही. आत्ताच घेऊन कपाटात जपून ठेवावं की तेव्हा घ्यावं? सेलचं घ्यावं की चावीचं? आणखी एक. आप्पांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, एक एचएमटी जनता घड्याळ घरात आहे. आप्पा गेल्यापासून ते बंदच पडून आहे. ते देता येईल का, की पोरीला जुनं दिलं असं लोक म्हणतील?
– एक वाचक, यावल तालुका

उत्तर : भाऊ, आधी कपाटाचं बोलू. तुमच्या पत्रात मला काळजी वाटली ती ‘कपाटात जपून ठेवावं का’ या प्रश्नाची. भुसावळच्या माझ्या दुकानात अशी घड्याळं नेहमी येतात. डबी नवीकोरी, पाठीवरचा प्लास्टिकचा कागद अजून निघालेला नाही, आणि घड्याळ बंद. सेलचं असेल तर सेल आतल्या आत गळून त्याचा क्षार मशीनवर चढलेला असतो. चावीचं असेल तर तेल डिंकासारखं घट्ट झालेलं असतं. झाकणाखालची रबराची रिंग कडक होते, चामड्याचा पट्टा वाकवला की तडकतो. आणणारा हळहळतो : एकदाही घातलं नाही हो, इतकं जपलं होतं. त्यात आपला उन्हाळा. मे महिन्यात भुसावळ-जळगावकडे पारा पंचेचाळीसच्या वर जातो. स्लॅबखालच्या खोलीतलं लोखंडी कपाट रात्रीसुद्धा निवत नाही. घड्याळाचं तेल आणि रबर अशा उष्णतेत लवकर संपतात. वर कपड्यांत डांबराच्या गोळ्या असतात, त्यांचा वासही घड्याळाजवळ नको.

म्हणून चौदा वर्षं डबीत ठेवायला कोणतंही घड्याळ घेऊ नका. आत्ता घ्यायचंच असेल तर ते तुम्ही घाला, नाहीतर वहिनींनी घालावं. रोज चालू द्या, दर चार-पाच वर्षांनी जाणत्या माणसाकडून उघडून साफ करून घ्या. मुलगी अठराची होईल तेव्हा तिला ते ‘बाबांच्या हातातलं’ किंवा ‘आईच्या हातातलं’ घड्याळ म्हणून मिळेल. काचेवर ओरखडे असतील, स्टील घासलेलं असेल. असू द्या. देण्याआधी चकाचक करायच्या नादात कुणाला पॉलिशचं चाक लावू देऊ नका. चाकाखाली कडा गोल होतात आणि गेलेला धातू परत येत नाही.

आता सेलचं की चावीचं. सेलच्या घड्याळाला मी नावं ठेवणार नाही. आतला क्वार्ट्झचा स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो, सर्किट ते कंप मोजतं आणि दर सेकंदाला काट्याला एक ठोका देतं. साध्यातलं साधं घड्याळही महिन्याभरात फार तर पंधरा-वीस सेकंद चुकतं. चावीचं चांगलं घड्याळ तेवढं एका दिवसात पुढं-मागं होऊ शकतं, आणि त्यात बिघाड काही नसतो. त्याची जातच तशी. ज्याला फक्त बरोबर वेळ हवी त्यानं सेलचं घ्यावं.

तुम्हाला मात्र चौदा वर्षांनंतरचा आणि त्यापुढं तिच्या तीस-चाळीस वर्षांचा विचार करायचाय. सेलच्या घड्याळाची कॉइल तुटली किंवा सर्किट गेलं की आम्ही कारागीर बहुतेक वेळा अख्खं मशीन बदलतो. त्या मापाचं मशीन बाजारात असेल तर घड्याळ पुन्हा उभं राहतं. घड्याळ खूप पातळ असेल किंवा कंपनीचं खास मशीन असेल, तर काही वर्षांनी ते मिळेनासं होतं. मग घड्याळाचा बाहेरचा डबा चांगला, पट्टा चांगला, आणि आत काही नाही. स्मार्ट घड्याळाची तर गोष्टच सोडा. त्याची बॅटरी काही वर्षांत दमते आणि कंपनी त्याचं सॉफ्टवेअर देणं थांबवते. चौदा वर्षांनंतरच्या भेटीसाठी त्याचा विचारसुद्धा करू नका.

चावीच्या घड्याळात स्प्रिंग, चाकं, बॅलन्स (मागं-पुढं डोलून वेळ राखणारं चाक), त्याची केसासारखी बारीक हेअरस्प्रिंग, ज्वेल (चाकांची टोकं ज्यात फिरतात ते बारीक खडे), सगळं भिंगातून दिसतं आणि चिमट्यानं उचलता येतं. सुटं करायचं, पेट्रोलमध्ये धुवायचं, जिथं हवा तिथं सुईच्या टोकाएवढा तेलाचा थेंब द्यायचा आणि पुन्हा जोडायचं. एखादं चाक गेलं तर दुसऱ्या बंद घड्याळातलं बसतं. माझ्या वडिलांच्या वेळेपासून या दुकानात रेल्वेची माणसं येतात : ड्रायव्हर, गार्ड (गार्डना २०२२ पासून ट्रेन मॅनेजर म्हणतात, पण भुसावळला अजून गार्डसाहेबच). त्यांच्या नोकरीच्या सुरुवातीची घड्याळं आज त्यांची मुलं घेऊन येतात, आणि ती चालू होतात. पिढी ओलांडायची असेल तर घड्याळ असं उघडता येणारं हवं.

नवं घेताना दुकानदाराला नावाआधी मशीन विचारा. आत मशीन कोणतं आहे हे त्याला सांगता येत नसेल तर दुसरं दुकान बघा. सेइकोचं एनएच३५ हे ऑटोमॅटिक मशीन २४ ज्वेलचं आहे, तासाला २१,६०० ठोके देतं, आणि पूर्ण भरलेलं असलं की हातातून काढून ठेवल्यावर एकेचाळीस तासांच्या आसपास चालतं. हात हलतो तसं ते भरत जातं, आणि चावीही देता येते. सिटिझनच्या घरचं मियोटा ८२१५ हे २१ ज्वेलचं, तसंच भरवशाचं. स्विसमध्ये ईटीए २८२४ प्रसिद्ध आहे, पण ते तुमच्या पैशात बसायचं नाही आणि त्यावाचून काही अडतही नाही. ही नावं सांगतोय कारण ही मशीनं कितीतरी कंपन्या आपापल्या घड्याळांत बसवतात. जगभर इतकी विखुरलेली मशीनं एकदम नाहीशी होत नाहीत. चौदा वर्षांनी एखादा भाग लागला तर कुठून तरी मिळेल, हा भरवसा महत्त्वाचा. डायलवरच्या नावापेक्षा मी त्याला जास्त किंमत देतो.

तुम्ही शेतात घालणार, म्हणून अंगही बघून घ्या. डबा पूर्ण स्टेनलेस स्टीलचा हवा. पुष्कळ स्वस्त घड्याळांत पितळेसारख्या धातूवर मुलामा असतो आणि फक्त पाठ स्टीलची. आपला घाम तो मुलामा पट्ट्याच्या कानांपाशी आधी खातो, मग हिरवं दिसायला लागतं. पाठीचं झाकण आट्यांचं असावं. पाणी सोसण्याचा आकडा १०० मीटर असेल तर बरं. ३० मीटर लिहिलेलं घड्याळ तीस मीटर खोल जातं असं समजू नका. ते हात धुताना उडणारे शिंतोडे सोसतं, एवढाच त्याचा अर्थ. काच सफायरची मिळाली तर उत्तम, तिला सहसा ओरखडा पडत नाही. पट्टा चामड्याचा नको, केळीच्या चिकाचे डाग त्यावरून जात नाहीत. स्टीलची चेन घ्या. ड्रिपमधून खत सोडताना किंवा फवारणी करताना घड्याळ काढून ठेवा. मोबाइलच्या चुंबकाच्या कव्हरवर आणि स्पीकरवर ते ठेवू नका. हेअरस्प्रिंगला चुंबक लागलं की घड्याळ तासामागे मिनिटं पळायला लागतं. (तसं झालं तर घाबरायचं नाही, चुंबक उतरवायचं यंत्र असतं, मिनिटभराचं काम.) तारखेचं घड्याळ असेल तर रात्री नऊ ते पहाटे तीन या वेळात तारीख बदलू नका, त्या वेळी तारखेची चाकं एकमेकांत गुंतलेली असतात आणि दात तुटतो.

वहिनींना माझा नमस्कार सांगा, पण लेडीज घड्याळाच्या बाबतीत मी त्यांच्या बाजूनं नाही. चावीच्या लहान लेडीज घड्याळात मशीन शेंगदाण्याएवढं. सगळे भाग इतके बारीक की थोडा धक्का, थोडी धूळ, आणि वेळ बिघडते. असं घड्याळ हातात घ्यायला तयार असलेले कारागीर आजच कमी आहेत, चौदा वर्षांनी किती उरतील? छत्तीस मिलिमीटरच्या आसपासचं, साधी पांढरी किंवा काळी डायल असलेलं घड्याळ घ्या. ते आज वहिनींच्या हातावर शोभेल आणि पुढं लेकीच्या. बायकांचं-पुरुषांचं ही वाटणी दुकानाच्या काउंटरवरची आहे, मनगटाला ती कळत नाही. आणि सोनेरी रंगाचा आग्रह सोडा. तो मुलामा असतो, मायक्रॉनमध्ये मोजायचा. रोज घातलं तर कडेनं उडतो आणि खालचा धातू डोकावतो.

तुमच्या मोठ्या भावांचं एक म्हणणं खरं आहे, ते मी डावलत नाही. घड्याळ ही गुंतवणूक नव्हे. पंधरा हजारांचं घड्याळ चौदा वर्षांनी विकायला गेलात तर हाती फारसं काही लागणार नाही. सोनं घ्यायचं असेल तर जरूर घ्या, जळगावच्या सराफ बाजारात हॉलमार्क बघून घ्या. पण ते तिच्यासाठी केलेली तरतूद म्हणून. सोनं लॉकरमध्ये जाईल आणि अडचणीला मोडलं जाईल, त्यासाठीच ते असतं. रोज तिच्या हाताला लागेल असं तुम्हाला काही द्यायचं असेल तर त्याची जागा सोनं घेत नाही.

आता आप्पांचं जनता. तुम्ही ते पत्राच्या शेवटी लिहिलंत, पण मला विचाराल तर तुमच्या प्रश्नाचं उत्तर तेच आहे.

एचएमटीनं जपानच्या सिटिझनच्या सहकार्यानं बेंगळुरूला घड्याळांचा कारखाना काढला, आणि पहिली घड्याळं १९६१ मध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते बाहेर आली. त्याआधी मनगटी घड्याळ म्हणजे स्विस, आणि स्विस म्हणजे पैसेवाल्याचं. जनता हे नावाप्रमाणे सगळ्यांचं घड्याळ झालं. आपल्या खानदेशात शिक्षक, तलाठी, पोस्टमन, जिनिंगमधले मुकादम, रेल्वेचे फिटर, ज्याला पगार होता त्याच्या हातावर जनता नाहीतर त्याचंच एखादं भावंड. सतरा ज्वेल, धक्क्यापासून बॅलन्सला वाचवणारं पॅराशॉक, तासाला १८,००० ठोके, म्हणजे सेकंदाला पाच. रोज चावी द्यायची. काही डायलांवर तर नावही देवनागरीत असतं. तुमचं तसं असेल तर ते फार जपा. केंद्र सरकारनं जानेवारी २०१६ मध्ये एचएमटी वॉचेस ही कंपनी बंद करायचा निर्णय घेतला. पण घड्याळं इतकी निघाली होती की आजही कारागिराच्या खणात जनताचे सुटे भाग सापडतात.

पहिली गोष्ट, आज घरी जाऊन त्याला चावी देऊन बघू नका. तेल वाळलेलं असणार. कोरडी चाकं फिरली तर त्यांची टोकं झिजतात. हलवून, आपटून, ‘चालू होतंय का बघू’ असंही नको. जसं आहे तसं रुमालात गुंडाळून जनता उघडणाऱ्या जुन्या कारागिराकडे न्या. यावल, फैजपूर, सावद्याकडे असेल, जळगाव-भुसावळला तर आहेतच. त्याला सांगा, तुमच्यासमोर झाकण उघडा. आत गंज आहे का बघा. तांबूस भुकटी दिसली तर पाणी गेलेलं आहे. बॅलन्स मोकळा हलतो का बघा. गंज नसेल तर साधी सर्व्हिसिंग पुरते आणि तिला तुमच्या पंधरा हजारांतला फार लहान हिस्सा लागतो. स्प्रिंग तुटली असेल किंवा बॅलन्सचा स्टाफ, म्हणजे आस, मोडला असेल तरीही ते होतं. काच प्लास्टिकची असते, पिवळी पडली असेल तर नवी बसवा, त्यात काही बिघडत नाही.

एक गोष्ट मात्र कुणालाही करू देऊ नका. डायल बदलायची नाही, रंगवायची नाही. कारागीर चांगल्या मनानंच म्हणेल, ‘भाऊ, डायल डागाळलीय, नवी टाकून देतो.’ नाही म्हणा. आप्पांनी ज्या डायलवर इतकी वर्षं वेळ बघितली ती डायल गेली तर घड्याळात आप्पांचं काय उरलं? बाजारात सध्या एचएमटीच्या नावानं भडक निळ्या, हिरव्या, केशरी डायलांची घड्याळं विकली जातात. त्यातली बरीचशी जुन्या डब्यांत नव्यानं छापलेल्या डायला टाकून तयार केलेली असतात. पायलट नावाच्या, काळ्या डायलच्या एचएमटी घड्याळांचं तर हे विशेष. त्या गर्दीत आपलं खरं घड्याळ आपणच खोटं करू नये.

त्याचे कच्चे दुवेही सांगतो. जनताचा डबा बहुधा क्रोमचा मुलामा दिलेला असतो, पाठ तेवढी स्टीलची. आप्पांच्या घामानं तो कानांपाशी खाल्ला असेल. ते पाणीही सोसत नाही. म्हणून ते रोज शेतात घालायचं घड्याळ नव्हे, आणि तुमची मुलगी पुण्याला किंवा नाशिकला शिकायला गेली तर तिथल्या पावसात रोज घालायचंही नव्हे. सर्व्हिसिंगच्या वेळी त्याच कारागिराकडे एखादं मोडकं जनता मिळालं तर तेही घेऊन ठेवा, सुट्या भागांसाठी. डबीवर ‘भागांसाठी’ असं लिहून ठेवा, नाहीतर दहा वर्षांनी कुणीतरी भंगारात काढेल.

म्हणून माझा सल्ला असा. यंदा आप्पांचं घड्याळ चालू करून घ्या. आखाजीला, पोळ्याला, लग्नकार्याला ते तुम्ही घाला. त्यानंतर एखादं एनएच३५ किंवा मियोटाचं साधं स्टीलचं घड्याळ घ्या आणि तुम्ही किंवा वहिनींनी ते रोज घालावं. अठराव्या वर्षी तिला दोन्ही द्या. रोजच्यासाठी आईबापाचं, सणासाठी आजोबांचं. दोन्हींसाठी एकदम पैसे नसतील तर नवं राहू द्या, जनता आधी. नवं घड्याळ दुकानात पुढंही मिळेल.

‘जुनं दिलं’ असं कोण म्हणेल? आपल्याकडे एक काळ असा होता की घड्याळ मिळायचं लग्नात, आणि तेही जावयाला. सायकल, रेडिओ, घड्याळ. माझ्या वडिलांच्या दुकानात लग्नाआधी सासरे येऊन घासाघीस करायचे ती जावयाच्या घड्याळासाठी. मुलीला बाप घड्याळ घेऊन देतोय, असं मी लहानपणी पाहिलेलं आठवत नाही. आजही बायका दुकानात येतात त्या बऱ्याचदा नवऱ्याचं नाहीतर वडिलांचं घड्याळ घेऊन. ‘त्यांचं आहे, नीट करा’ म्हणतात, स्वतःच्या मनगटावर मात्र बांगड्या. तुम्ही लेकीसाठी, तिच्या वयाचा मान म्हणून, चौदा वर्षं आधीपासून घड्याळाचा विचार करताय. तुमचं पत्र मी घरात सगळ्यांना वाचून दाखवलं.

म्हणून एक मागणं आहे, आणि ते घड्याळाच्या कारागिराचं नाही, तुमच्यापेक्षा वयानं मोठ्या माणसाचं समजा. हे घड्याळ रुखवतात किंवा आहेरात जाऊ देऊ नका. मुलीचं अठरावं वर्ष म्हटलं की आपल्याकडे लोकांच्या तोंडी दुसराच विषय येतो. कायद्यानं मात्र त्या दिवशी ती सज्ञान होते. तिला मत देता येतं (मतदानाचं वय २१ वरून १८ वर आलं ते १९८९ मध्ये), गाडीचा परवाना काढता येतो, बँकेत स्वतःच्या सहीनं व्यवहार करता येतात. घड्याळ त्या वाढदिवशी द्या, घरच्या माणसांसमोर. तिच्या वेळेवर तिचा हक्क आहे, हे सगळ्या घराला कळलं पाहिजे.

मोबाइलच्या जमान्यात घालतंय कोण, हा तुमच्या भावांचा प्रश्न राहिला. मूल जे रोज बघतं ते त्याला आपलं वाटतं. ती दुसरी-तिसरीत घड्याळ वाचायला शिकेल, तेव्हा भिंतीवरच्या घड्याळाबरोबर आप्पांच्या जनतावरही शिकवा. आठ-नऊ वर्षांची झाली की चावी द्यायचं काम तिला सोपवा. घड्याळ हातातून काढून चावी द्यायची, म्हणजे चावीच्या दांडीवर बाजूनं जोर येत नाही. अंगठा आणि तर्जनीनं सावकाश फिरवायची, पंचवीस-तीस फेऱ्यांनंतर बोटाला अडल्यासारखं लागेल, तिथं थांबायचं, पुढं जोर करायचा नाही. रोज एकाच वेळी, सकाळी. कानाला लावून ठोका ऐकू द्या. ज्या पोरीनं दहा वर्षं त्या घड्याळाला चावी दिलीय ती अठराव्या वर्षी ते घालणार की नाही, याची मला शंका नाही.

प्रश्न : भाच्याला अठराव्या वाढदिवसाला ऑटोमॅटिक घड्याळ घेतलंय. पाठीवर त्याचं नाव आणि तारीख कोरून घ्यायची आहे. घड्याळाला धोका आहे का?
– एक मावशी, धुळे

उत्तर : ताई, पाठ आधी बघा. पाठीला काच असेल, आतलं मशीन दिसत असेल, तर कोरायला जागा फक्त कडेची गोल पट्टी. तिथं लहान अक्षरात नाव आणि साल एवढं मावेल. पाठ भरीव स्टीलची असेल तर निर्धास्त कोरून घ्या. मुलामा असलेल्या पाठीवर कोरू नका, मुलामा फाटतो आणि तिथून गंज सुरू होतो.

कोरणाऱ्याकडे अख्खं घड्याळ कधीही देऊ नका. आधी कारागिराकडून झाकण काढून घ्या, मशीन त्याच्याकडेच धूळ लागणार नाही असं झाकून राहू द्या आणि फक्त झाकण कोरायला न्या. कोरण्याच्या हादऱ्यानं मशीन बिघडतं, आणि धातूचा कीस आत गेला तर चाकांत अडकतो. परत बसवताना रबराची रिंग नवी घाला. लेझरनं हस्ताक्षरही उतरवता येतं. तुम्ही कागदावर काळ्या पेनानं ‘मावशीकडून’ असं लिहून दिलंत तर तुमचंच अक्षर येईल, मला ते छापील अक्षरांपेक्षा कितीतरी आवडतं. आणि सगळी पाठ भरू नका. भाच्याला पुढं ते कुणाला द्यावंसं वाटलं तर त्याच्या ओळीला जागा राहू द्या.

प्रश्न : मुलगा बारावीला आहे, डॉक्टर व्हायचंय. परीक्षेसाठी चांगलं घड्याळ सुचवा. अठराव्या वाढदिवसाची भेटही त्यातच होईल.
– एक आई, अमळनेर

उत्तर : ताई, परीक्षा आणि भेट वेगळी ठेवा. नीट या मेडिकलच्या प्रवेश परीक्षेला मनगटी घड्याळ आतच नेऊ देत नाहीत, साधं असो की महाग. वर्गातल्या भिंतीवरच्या घड्याळावर वेळ बघावी लागते. म्हणून घरी सराव पेपर सोडवतानाही हातात घड्याळ न बांधता, समोर भिंतीवर घड्याळ लावून बसवा. बारावीच्या बोर्डासाठी हॉल तिकिटावरच्या सूचना वाचा, आणि काट्यांचं, सेलचं, मोठे आकडे असलेलं साधं घड्याळ घ्या. पेपरच्या महिनाभर आधी सेल नवा टाका. सेलच्या बऱ्याच घड्याळांत सेल संपत आला की सेकंदकाटा थांबून थांबून उड्या मारायला लागतो, तेवढं त्याला ओळखायला शिकवा.

भेटीचं घड्याळ निकाल लागल्यावर घ्या, त्याला बरोबर घेऊन, त्याच्या हातावर बांधून बघून. मेडिकलला गेला तर नाडी मोजायला सेकंदकाटा लागतो. डायल कोणतीही आवडू द्या, पण सेकंदकाटा लांब आणि ठळक हवा, आणि कडेला साठ खुणा स्पष्ट हव्यात.